उर्फ आणि मसलत

१९७१ च्या पावसाळ्यात आमचे आजोबा वारले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. गाव श्रीवर्धनच्या अलीकडचं, खाडीकाठचं. मय्यत पडवीत ठेवली होती आणि कापराचा वास पार माजघरापर्यंत येत होता. जनाजा उचलायच्या आधी दोन बायकांनी दादीला दंडाला धरून उंबऱ्यापाशी आणलं. त्यांतली वयस्कर बाई म्हणाली, "मेहर माफ केला म्हण." दादी गप्प. बाहेर माणसं खोळंबली होती, भरती चढायच्या आत कब्रस्तान गाठायचं होतं. बाईने पुन्हा सांगितलं. दादी पुटपुटली, "माफ." जनाजा उठला.

पुष्कळ वर्षांनी दादीच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिचा निकाहनामा सापडला. साल १९३८. नवऱ्याने बायकोला द्यायचा मेहर रुपये १२७, आणे ८, सगळा उधार. त्या वर्षी तेवढ्या पैशात तीन तोळे सोनं सहज आलं असतं. तेहेतीस वर्षं तो उधारच राहिला आणि शेवटी एका शब्दात फिटला. गावात कोणाला यात वावगं वाटलं नव्हतं. मयताच्या मानेवरचं कर्ज उतरवणं हे बायकोचं शेवटचं काम, अशीच समजूत. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "आपल्यात असंच असतं."

१९८४ साली मी वकिलीची सनद घेतली. सुरुवातीच्या दिवसांत वाचलेल्या निकालांत कलकत्ता उच्च न्यायालयाचा १९२० चा एक निकाल होता. नवरा नुकताच गेलाय, अशा धक्क्यात असलेल्या बाईने सोडलेला मेहर मोकळ्या मनाने सोडला असं धरता येत नाही, तिचा हक्क तसाच राहतो, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे दादीचं 'माफ' कायद्याने फुसकं होतं. निकाल तिच्या लग्नाच्याही अठरा वर्षं आधीचा, पण आमच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला नव्हता. चाळीस वर्षांच्या वकिलीत 'आपल्यात असंच असतं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की एकदा त्याचीच उलटतपासणी घ्यावीशी वाटली.

सुरुवात शब्दांपासून करते. आपण मराठीत 'बाळकृष्ण उर्फ बाळू' असं लिहितो. हा 'उर्फ' अरबी आहे, ओळखणं या अर्थाच्या धातूतून आलेला. पत्त्यावर लिहितो तो 'मार्फत' त्याचाच भाऊबंद. शरियतच्या शास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, उर्फ म्हणजे लोकांच्या ओळखीची झालेली, सगळ्यांनी मानलेली रीत. दुसरा शब्द मसलत. मराठीत मसलत म्हणजे सल्ला, कधी खलबत, कधी चक्क कारस्थान. मूळ अरबीत मसलहत म्हणजे हित, लोकांचं भलं. अकराव्या-बाराव्या शतकातल्या इमाम गझालींनी हे भलं पाच गोष्टींत मोजलं: धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. यांचं रक्षण करणं हा शरियतचा मकसद. चौदाव्या शतकात ग्रानाडाच्या शातिबींनी त्या मकसदांचं, अरबीत मकासिदचं, रीतसर शास्त्रच मांडलं. इस्लामी कायदा आज जिथे जिथे हलतोय, तिथे या दोन शब्दांपैकी एकाने तरी त्याला धक्का दिलेला असतो.

ऐकायला जड वाटतं, पण उदाहरणं बाजारातली आहेत. जी वस्तू अजून अस्तित्वातच नाही ती विकता येत नाही, हा फिकहचा नियम. मग मोच्याकडे पायाचं माप देऊन आगाऊ पैसे ठेवायचे की नाही? हनफी पंथाच्या पंडितांनी सांगितलं, ठेवा. सगळं जग तसंच करतं. हमामात माणूस किती वेळ बसेल, किती पाणी सांडेल हे न ठरवताच पैसे देतो. तेही चालवून घेतलं. कुराण शिकवण्याचा मोबदला घेणं जुन्या हनफी इमामांना मंजूर नव्हतं. पुढे शिक्षकांना खजिन्यातून मिळणारी नेमणूक आटली. शिकवणारा उपाशी राहिला तर शिकवणंच बंद पडेल, म्हणून नंतरच्यांनी परवानगी दिली. इथे मसलहत बोलली. आम्ही कोकणी मुसलमान ज्यांच्या मजहबाचे, म्हणजे पंथाचे, ते इमाम शाफई बगदादहून इजिप्तला गेले आणि त्यांची कितीतरी मतं बदलली. शाफई ग्रंथांत आजही 'जुनं मत' आणि 'नवं मत' असे दोन कप्पे असतात. दमास्कसच्या इब्न आबिदीननी एकोणिसाव्या शतकात उर्फवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी सरकारने 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता काढली, तर तिच्या सुरुवातीच्या कलमांतच रूढीला निवाड्याचा अधिकार दिला आणि काळ बदलला की हुकूम बदलतात हेही नोंदवलं.

अट एकच. स्पष्ट वचनाला छेद देणारी रूढी चालत नाही. ती कितीही जुनी असो.

आता मुंबईला येते, कारण या गोष्टीतलं सगळ्यांत चमत्कारिक वळण आपल्याच मुंबईत घडलं.

१८२७ साली मुंबई इलाख्यासाठी जी नियमावली झाली तिने मुफस्सलच्या, म्हणजे शहराबाहेरच्या, कोर्टांना पायऱ्या घालून दिल्या. आधी सरकारचा कायदा. तो नसेल तर त्या मुलखाची वहिवाट. ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. तोही नसेल तर न्याय आणि सद्सद्विवेक. वहिवाट दुसऱ्या पायरीवर, कुराण-शास्त्र तिसऱ्या. मुंबई बेटावर मात्र राजाचं सुप्रीम कोर्ट होतं, आणि तिथे १८४७ साली खोजा आणि कच्छी मेमन घरांतल्या बायकांनी वारसाहक्काचे दावे लावले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही मुसलमान आहोत, कुराणाने मुलीला वाटा दिलाय, तो आम्हाला द्या. कुराणात तो आकड्यांत सांगितलेला आहे. भावाला दोन, बहिणीला एक.

समोरच्यांनी सांगितलं, आमचे पूर्वज हिंदू होते, सिंध-कच्छ-काठियावाडातले; धर्म बदलला पण वारशाची रीत तीच राहिली. मुलीला लग्न होईपर्यंत पोटगी आणि लग्नाचा खर्च, बाकी सगळं मुलांचं. जमातीतल्या प्रतिष्ठितांच्या साक्षी झाल्या. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरींपुढे दोन प्रश्न होते. ही रूढी खरोखर आहे का? आणि असली तर ती कुराणाच्या हुकमावर मात करू शकते का? दोन्हींना त्यांनी होकार दिला. मुली हरल्या.

पेरींचा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एका ठिकाणी थबकले. ही रूढी अवाजवी आहे का, याचा विचार करताना त्यांना ती तशी वाटली नाही, कारण मुलगे असताना जमीन मुलींकडे जात नाही हे इंग्लंडच्या कायद्यातही होतंच. ज्या गावी थोरला मुलगा सगळं घेतो, तिथून आलेल्या माणसाला मुलीचा रिकामा हात कशाला खटकेल?

पेरींना दोष देऊन मी मोकळी होत नाही. त्यांनी त्यांच्या शास्त्राप्रमाणे काम केलं. इंग्रजी कोर्टात रूढी जितकी जुनी, अखंड आणि ठाम, तितकी ती पक्की. तिथे तिचं वय मोजतात. फिकहमध्ये उलट आहे: कालची रीत आज बदलली की तिच्यावर उभा असलेला हुकूमही बदलतो, आणि वचनाच्या विरुद्ध गेली की ती पडते. १८४७ साली कोर्टाने उर्फ तेवढा उचलला आणि मसलहत बाहेर पायरीवर ठेवली. शिवाय उर्फ ठरवला तो कोणाच्या जबानीवर? ज्यांच्या तिजोरीच्या किल्ल्या त्या रूढीवर टांगल्या होत्या, त्याच पेढीवाल्यांच्या जमातीतल्या मातबरांच्या. मी रोज कोर्टात साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारते तो हा: या मालमत्तेत तुमचा काही हितसंबंध आहे का?

नव्वद वर्षं हे असंच चाललं. कच्छी मेमनांसाठी १९२० साली एक कायदा झाला. ज्याला शरियत हवी त्याने तसं जाहीर करावं. १९३८ साली ती सगळ्या कच्छी मेमनांना सरसकट लागू झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ मध्ये, शरियत कायदा आला होता. त्याचं दुसरं कलम म्हणतं की वारसा, लग्न, तलाक, मेहर, पोटगी, वक्फ अशा बाबतींत विरुद्ध रूढी असली तरी मुसलमानांना शरियत लागू होईल. त्या विधेयकाच्या उद्देशांतच लिहिलंय की रूढी मुसलमान बायकांच्या हक्कांवर घाला घालते, आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी तिचा निषेध केलाय. आज 'शरियत कायदा' म्हटलं की लोकांच्या भुवया चढतात. तो मुळात बायकांना रूढीच्या तावडीतून सोडवायला मागितला होता, हे पक्षकारांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

पण मसलत झालीच, मराठी अर्थाची. मृत्युपत्र, वारसदानं आणि दत्तक या गोष्टी ऐच्छिक ठेवल्या गेल्या, बॅरिस्टर जिनांच्या दुरुस्तीने. खोजांच्या रूढीत माणूस सगळी मालमत्ता मृत्युपत्राने देऊ शकतो; शरियतमध्ये एकतृतीयांश. जिना स्वतः खोजा. दुसरी पळवाट जास्त मोठी: शेतजमीन कलमाच्या बाहेर राहिली. १९३५ च्या कायद्याने शेतजमिनीचा वारसा प्रांतांच्या यादीत गेला होता, हे खरं. पंजाबच्या जमीनदारांना ते सोयीचं होतं, हेही खरं. मद्रासने १९४९ साली हा अपवाद काढून टाकला. आपल्याकडे तो आहे तसाच आहे.

शरियत कायद्यानंतर दोन वर्षांनी, १९३९ साली, मसलहतचं काम पाहायला मिळालं. उत्तरेतले मुसलमान बहुतेक हनफी. हनफी मतात नवरा बेपत्ता झाला तर बाईने जवळजवळ त्याचं आयुष्य संपेपर्यंत थांबायचं. पोटगी देत नाही एवढ्यावरून काझी निकाह तोडू शकत नाही. पंजाबात बायका सुटकेसाठी धर्म सोडायला लागल्या, कारण धर्मत्यागाने निकाह आपोआप तुटतो असं कोर्टं मानत. मौलाना अशरफ अली थानवींनी त्यावर एक ग्रंथ लिहिला. कट्टर हनफी माणूस, पण मदीनेच्या मालिकी मुफ्तींना विचारून त्यांनी मालिकी मजहबातली सवलत उसनी घेतली. त्यातूनच मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आकाराला आला: चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षांची कैद, क्रूरता, आणि असंच पुढे. आजही माझ्याकडच्या निम्म्या फायली या कायद्याखालच्या असतात. स्वतःच्या मजहबाच्या भिंतीला खिडकी पाडायची परवानगी थानवींना मकसदने दिली.

हे सगळं दिल्ली-लाहोरचं. आमच्या गावी काय चाललं होतं?

आजोबांच्या मागे वारस नोंद झाली तेव्हा तलाठ्याने सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं चढवली; दादी, अब्बा, दोन चुलते आणि फुफी, म्हणजे आत्या. कोकणात शेतजमिनीतही मुसलमान बहिणीचं नाव लागतं, त्याला आडकाठी नाही. गंमत पुढे होते. १९७६ च्या उन्हाळ्यात फुफी नवऱ्याला घेऊन आली, चुलत्यांबरोबर दुय्यम निबंधकाकडे गेली आणि हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन आली. मोबदला शून्य. परतताना चुलत्याने तिला बाजारातून साडी घेऊन दिली, जांभळी, जरीच्या काठाची. ते पत्र आता माझ्या कपाटात आहे. त्यात लिहिलंय, 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'. एकदा मी तिला विचारलं, फुफी, खरंच राजीखुशीने? ती म्हणाली, "वाटा घेतला असता तर ईदेला कोणाच्या दारात आले असते?" शेजारच्या वाडीतल्या कुळवाडी बाईंनीही आपल्या भावांना असंच पत्र लिहून दिलं होतं, तेही साडीवरच. कायदा एकीचा शरियतचा, दुसरीचा १९५६ चा हिंदू वारसा कायदा. उर्फ दोघींचा एक.

म्हणून रूढी वाईट, असं म्हणायला मी तयार नाही. एका दाव्यात ते मत मोडलं.

आमच्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या बोटीवर. असाच एक खलाशी सुराबायाची बायको करून आला, आणि काही वर्षांनी ती माझ्यासमोर बसली होती. पिशवीतून तिने हिरव्या कव्हरची पुस्तिका काढली. इंडोनेशियात निकाहाची अशी पुस्तिका नवरा-बायको दोघांनाही मिळते. त्याची तांबूस, तिची हिरवी. मागच्या पानावर नवऱ्याने निकाहानंतर वाचायचा मजकूर छापलेला असतो. मी सलग दोन वर्षं बायकोला सोडून गेलो, तीन महिने खर्च दिला नाही, तिच्या अंगावर हात टाकला किंवा सहा महिने तिची विचारपूस केली नाही, आणि तिने धार्मिक न्यायालयात तक्रार करून ठरलेली किरकोळ रक्कम भरली, तर तिच्यावर एक तलाक पडेल. याला ते तालीक म्हणतात, अट घातलेला तलाक. जावात ही रीत जुनी. ते लोकही शाफईच, आमच्यासारखे. येमेन, कोकण, मलबार, मलाया, जावा, ही सगळी शाफई किनारपट्टी. एकाच समुद्राचं पाणी प्यायलेली. आमच्या माहीमच्या दर्ग्यात निजलेले मखदूम अली माहिमीही शाफई फकीह. पुरुषाच्या हातातलं तलाकचं हत्यार तिकडे बायकोच्या कुलुपाची किल्ली झालं होतं, आणि हे केलं होतं उर्फने.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडे लग्नानंतर दोघांनी मिळून कमावलेलं ते दोघांचं, त्याला जावात गोनो-गिनी म्हणतात. भातशेतीत बाई पुरुषाइतकीच राबते, त्यातून ही रूढी आली. जुन्या अरबी ग्रंथांत ती शोधून सापडणार नाही. इंडोनेशियाने १९९१ साली इस्लामी कायद्याची संहिता केली तेव्हा ती आत घेतली. तलाक झाला की त्या कमाईचा अर्धा वाटा बाईचा. पुस्तिका हातात धरून मला १८४७ आठवलं. तिथेही रूढी जिंकली होती, इथेही रूढीच. फरक एवढाच की जावातल्या रूढीला मकसदची जामिनकी होती. पाच गोष्टींतली मालमत्ता. आणि ती राबणाऱ्या बाईचीही.

२२ ऑगस्ट २०१७ ला आमच्या बाररूममध्ये टीव्हीसमोर उभं राहायला जागा नव्हती. एका बैठकीत तीनदा म्हटलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी मोडला. अल्पमतातल्या सरन्यायाधीशांचं म्हणणं, ही प्रथा चौदाशे वर्षांची, ती श्रद्धेचा भाग आहे. बहुमतातले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ म्हणाले, कुराणाच्या शिकवणीविरुद्ध असलेली गोष्ट केवळ फार दिवस चालली म्हणून वैध होत नाही. सगळे जण जल्लोषात किंवा वादात होते. माझ्या डोक्यात पेरी होते. एकशे सत्तर वर्षांनी तोच प्रश्न आला आणि या वेळी वय मोजणारा बाजूला पडला.

पुढच्या वर्षी माझ्या मुलीचा निकाह ठरला. मेहर सोन्यात, पाच तोळे, जागेवर नगद. दादीच्या ट्रंकेतला कागद पाहिलेली बाई रुपयात मेहर लिहून घेणार नाही. आणि एक अट. काझीसाहेब आमच्या ओळखीचे, वयाने माझ्याएवढेच. मी म्हटलं, तलाक-ए-तफवीज घालू या, बायकोकडे तलाकचा अधिकार सोपवू या. त्यांनी मान हलवली. "वकीलबाई, ते हनफींचं. आपण शाफई. आपल्या किताबांत सोपवलेला अधिकार तिथल्या तिथे वापरायचा असतो, पेटीत ठेवता येत नाही." मी म्हटलं, "मग शाफईंचंच करू या," आणि जावाच्या अटींचं मी केलेलं मराठी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली. किताबं उघडली असावीत. परत आले तेव्हा एका अटीतला शब्द त्यांनी स्वतः जास्त कडक केला होता. मोघम 'खर्च' होता, तिथे त्यांनी 'राहणं, खाणं आणि औषध' लिहिलं.

निकाहाच्या दिवशी मुलाचे मामू कागद पाहून म्हणाले, "आपल्यात असं नसतं." मी तोंड उघडणार, तोच काझीसाहेब म्हणाले, "रूढीला अरबीत 'आदा' म्हणतात, त्याचा धातू 'परत येणं'. एकदा झालं ती गोष्ट, परत आलं की आदत. आज पहिलीच वेळ आहे, मामू. सही करा."

गेल्या वर्षी काझीसाहेबांचा फोन आला. "वकीलबाई, ती अट जरा पाठवा. म्हसळ्याच्या मुलीकडचे मागतायत, आणि माझी प्रत वाळवीने खाल्ली." मी दोन पाठवल्या.